रायगोंडाची साडेतीनशे

बेळगावजवळ मच्छ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका लेथच्या शेडमध्ये नागेंद्र सध्या कामाला आहे. सकाळी डबा घेऊन येतो, पंपाचे शाफ्ट टर्न करतो, संध्याकाळी घरी जातो. शेजारच्या मशीनवरच्या कामगारांना तो अबोल, जरा तुसडाच माणूस वाटतो. अधूनमधून फाटकाशी एखादी जुनी यामाहा येऊन थांबते. कोल्हापूरकडचा नाहीतर गोव्याचा कुणीतरी उतरून विचारतो, "नागू फिटर इथंच असतात का?" नागेंद्र हात पुसत बाहेर येतो आणि गाडीकडे न बघताच सांगतो, "मी आता गाड्यांचं करत न्हाय. गडहिंग्लजला एकजण हाय, त्याच्याकडं जावा." बोलणं तिथंच संपतं.

काही वर्षांपूर्वी हे कुणी निपाणीत सांगितलं असतं तर लोक हसले असते. जुन्या जपानी गाड्यांचं वेड असलेल्या माणसाला नागू फिटर ठाऊक नाही असं तेव्हा होतच नसे.

नागेंद्र मूळचा मच्छ्याचाच. वडील फौंड्रीत ओतकामाला, घरची थोडी भातशेती. दहावी झाल्यावर तो लेथवर लागला, पण त्याचा जीव टू-स्ट्रोक गाड्यांत अडकलेला. यामाहाची आरएक्स, सुझुकीची शोगन, कावासाकी. आणि या सगळ्यांत वरचढ ती राजदूतच्या नावानं इथं विकली गेलेली यामाहाची साडेतीनशे. दोन सिलिंडर, सहा गिअर, आणि अंगात अशी ताकद की नवख्यानं मूठ पिळली तर पुढचं चाक हवेत. पेट्रोल फार पिते म्हणून त्या काळी लोकांनी ती भंगारात घातली, आणि पुढं तिच्याच मागं गावोगाव हिंडू लागले. स्पेअर मिळायचे नाहीत. जे मिळत नसे ते नागेंद्र लेथवर बनवून घ्यायचा. पत्र्याचे शंकूसारखे तुकडे वळवून, एकाला एक जोडून, पोट फुगलेला सायलेन्सर करायचा. चेंबर म्हणतात त्याला. त्याचा चेंबर लावला की गाडीचा आवाज बदलायचा आणि चालही बदलायची.

अशीच एक जाम झालेली साडेतीनशे टेम्पोत घालून रायगोंडा पाटील एकदा मच्छ्याला आला. निपाणीत मुरगूड रोडला त्याच्या घरची तंबाखूची वखार. उंचापुरा, मोठ्यानं हसणारा माणूस. एकाच वाक्यात कन्नड सुरू करून मराठीत संपवायचा. नागेंद्रनं इंजिन उघडलं, पिस्टन बाहेर काढून त्याच्यापुढं धरला.

"ह्यो कुणी बसवलाय?"

"हाय एक. का रं?"

"त्याला परत हात लावू देऊ नका. गाडी लई चांगली हाय."

रायगोंडा हसला. "मग तूच चल की निपाणीला. वखारीला लागून खोली रिकामी हाय माझी. रस्त्यावरच हाय बघ."

आणि नागेंद्र खरंच गेला. लग्न व्हायचं होतं, अंगावर जबाबदारी नव्हती. पत्र्याच्या पेटीत पाने-पक्कड घेऊन तो त्या खोलीत आला आणि पुढची सोळा-सतरा वर्षं तिथंच राहिला. खोलीच्या मागच्या दारातून वखार दिसायची, तिथं बायका तंबाखू चाळत बसलेल्या असायच्या. वखारीच्या पलीकडं पाटलांचं घर. रायगोंडाची आई लक्ष्मीबाई, तिला सगळे अव्वा म्हणत. नागेंद्रही म्हणू लागला. सणाला त्याचं पान पाटलांच्याच घरी असे. रायगोंडाची बायको अनुराधा त्याला वाढताना म्हणायची, "भावजी, हात नीट धुतलाय न्हवं? मागच्या बारीला पुरणाच्या होळीगेला ग्रीस लागलतं."

रविवारी सकाळी दोघं गाड्या काढायचे. रायगोंडा साडेतीनशेवर, नागेंद्र मागं आरएक्सवर. हायवेनं तवंदी घाट चढायचा, वरती चहा प्यायचा आणि परत. आठवडाभर नागेंद्रनं केलेलं काम घाटात पारखलं जायचं. रायगोंडा वर थांबला की हेल्मेट काढायच्या आधीच सुरू व्हायचा, "चौथ्यात जरा दमती बघ," नाहीतर "आज कशी गेली रं, आज कशी गेली!" घरी अव्वा जेवायची थांबलेली असायची. मुरगूड रोडला वळताना गाडीचा आवाज आला की ती ताट घ्यायला सांगायची, त्याच्या आधी नाही. इतक्या वर्षांत रायगोंडा गाडीवरून दोनदाच पडला आणि दोन्ही वेळा कोपर खरचटण्यापलीकडं काही झालं नाही.

तो पडला ते वखारीत. तंबाखूची मोठाली पोती, त्यांना तिकडं बोद म्हणतात, त्यांची थप्पी आढ्यापर्यंत गेलेली. वरचं एक बोद ओलं लागतंय म्हणून रायगोंडा बघायला चढला आणि पाय सटकून पाठीवर खाली आला. भर दुपारची वेळ होती. नागेंद्र आवाज ऐकून मागच्या दारानं धावला. रायगोंडा शुद्धीवर होता, आणि एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारत होता, "नागू, माझं पाय कुठं हायत रं?"

बेळगावला ऑपरेशन झालं. मणक्याचं जे तुटलं ते जुळणारं नव्हतं. कमरेपासून खाली त्याला काही कळेना, ऊन की गार तेही नाही. गावात सगळ्यांनी धरून चाललेलं की गाडीवरूनच पडला असणार. भेटायला येईल त्याला अव्वा दारातच सांगायची, "गाडीवरनं न्हवं. बोदावरनं पडला." जणू तेवढी एक गोष्ट तरी लोकांनी बरोबर सांगावी.

त्यानंतर रायगोंडाचा दिवस गॅरेजमध्ये जाऊ लागला. सकाळी अनुराधा चाकाची खुर्ची ढकलत आणून सोडायची. तो बसून नागेंद्रचं काम बघायचा, गिऱ्हाइकांशी बोलायचा, कधी कधी मांडीवर ताट घेऊन नट-बोल्ट धुऊन द्यायचा. त्याची साडेतीनशे कोपऱ्यात चादरीखाली उभी होती. तिच्याबद्दल दोघांपैकी कुणीच बोलत नव्हतं. नागेंद्र मात्र रोज संध्याकाळी तो घरी गेल्यावर चादर काढून इंजिन एकदा फिरवून ठेवायचा, जाम होऊ नये म्हणून.

वर्ष उलटलं. एके दिवशी काम ऐन भरात असताना रायगोंडा म्हणाला, "नागू, काप तिला."

नागेंद्रला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

"बाजूला दोन चाकं लाव. गिअर हातात आण, ब्रेक हातात आण. स्कूटरला करत्यात न्हवं लोक? तसं."

"स्कूटर येगळी, राया. हिची चेसी कापाय लागंल. एकदा कापली की परत जुळत न्हाय. अशी मूळची गाडी आता कुठं ऱ्हायली न्हाय."

"मूळची म्हंजे काय रं?" रायगोंडा खुर्चीच्या हातावर थापटत म्हणाला. "मी ऱ्हायलोय का मूळचा?"

दुसऱ्या दिवशी नागेंद्रनं शटर अर्धं खाली ओढलं आणि चादर काढली. चेसीवर खडूनं खूण केली, कटर हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला. ठिणग्या उडायला लागल्या तेव्हा रायगोंडा खुर्चीत ताठ बसून बघत होता. एकदाही त्यानं मान वळवली नाही.

काम काही महिने चाललं. मागच्या बाजूला आडवा पाइप घालून दोन लहान चाकं आली, त्यांना वेगळ्या स्प्रिंगा. गिअरचा दांडा डाव्या हाताशी आला आणि क्लचचा लिव्हर त्याच दांड्यावर बसला, म्हणजे एकाच हातानं दोन्ही व्हावं. उजव्या हाताच्या एका लिव्हरवर दोन्ही ब्रेक. सीटला टेकायला पाठ, मांड्यांवरून पट्टा. पाय लोंबू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या केल्या, टाचेकडून उघड्या, आतून रबर, वरून पट्टा. चेंबर पायांच्या जवळून जात होते, म्हणून नागेंद्रनं पेटीपर्यंत त्यांच्यावर जाड कापड गुंडाळलं, त्यावर तार आवळली; पेटीमागचं पोट उघडं राहिलं, तिथवर पाय पोचत नव्हता. आपल्या पोटरीला जिथं झळ लागते तिथं हात लावलावून त्यानं ते काम केलं.

एकच गोष्ट त्याला सुटली नाही. किक. साडेतीनशेला बटण-स्टार्ट नाही, आणि किक उजव्या बाजूला, नेमकी उजव्या पेटीच्या वाटेत. शेवटी त्यानं ती पेटी बिजागरीवर घेतली. किक मारताना पाय बाहेर काढून पेटी बाजूला वळवायची, गाडी सुरू झाली की पेटी परत आणून खटका बसवायचा, पाय आत ठेवून पट्टा लावायचा. मारणारा मात्र दुसराच कुणीतरी हवा.

"मी शिकते," अनुराधा म्हणाली.

वखारीच्या अंगणात तिनं पदर खोचला. पहिल्यांदा किक उलटी बसून ती कळवळली. दुसऱ्यांदाही तसंच झालं. रायगोंडा वरून सांगत होता, "जोरात न्हवं गं, आधी दाब, मग सोडून दे स्वतःला." आणि मग ती सुरू झाली. दोन्ही चेंबर एकदम बोलले, तंबाखू चाळणाऱ्या बायका हातातलं टाकून उठल्या. रायगोंडानं अंगणात एक फेरी मारली, मग दुसरी. तिसऱ्या फेरीला त्यानं मूठ पिळली आणि मागची चाकं जराशी घसरली तसा तो जुन्यासारखा मोठ्यानं हसला. अव्वा दारात येऊन उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला आणि आत गेली. त्या दिवशी घरात गोडाचं झालं.

मग रोज थोडं थोडं. आधी मुरगूड रोडनं, मग अकोळच्या वाटेनं. लोक रस्त्याकडेला थांबून बघायचे. रायगोंडाच्या चेहऱ्यावर रंग आला, तो पुन्हा वखारीच्या व्यवहारात लक्ष घालू लागला. नागेंद्रच्या मनात मात्र एक गोष्ट होती आणि रायगोंडाच्याही, ती कुणी बोलून दाखवत नव्हतं. थंडी सुरू झाल्यावर एका रविवारी रायगोंडाच म्हणाला, "आता घाट."

सकाळी ऊन वर आल्यावर दोघं निघाले. अनुराधानं त्याला लोकरी मोजे घातले, कॅनव्हासचे बूट घातले, पट्टे आवळले, किक मारली. घाटाच्या पायथ्यापर्यंत सगळं ठीक होतं. चढणीच्या मध्यावर गाडी अडखळली आणि बंद पडली. नागेंद्रनं मागून येऊन आरएक्स कडेला लावली. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते. त्यानं घाईघाईनं रायगोंडाचा उजवा पाय बाहेर काढला, पेटी वळवली, किक मारली. गाडी सुरू झाली. पेटी परत आणली, पाय ठेवला, पट्टा लावला. खटका बसल्याचा आवाज त्याला आला होता की नुसता आलासा वाटला होता, हे त्याला पुढं कधीच नक्की सांगता आलं नाही.

"चल चल," रायगोंडा ओरडला आणि सुटला. घाटमाथ्यावर थांबायचं ठरलं होतं. तो थांबलाच नाही. माथ्यावरची चहाची टपरी मागं गेली, तसा त्यानं एक हात वर करून नागेंद्रला पुढं चल म्हणून खुणावलं आणि हायवेनं तसाच संकेश्वरकडं निघाला. नागेंद्र मागून येत होता. वाऱ्यात त्याला रायगोंडाचं ओरडणं ऐकू येत होतं, कधी कन्नड, कधी मराठी, कधी नुसताच आवाज. मोकळा रस्ता होता, दोन्ही बाजूंना उसाचे फड, आणि गाडी नागेंद्रनं बांधलेल्या कुठल्याही गाडीपेक्षा सुंदर चालली होती. मागं राहून तो हेल्मेटच्या आत रडत होता, असं त्यानं पुढं लग्न झाल्यावर बायकोला सांगितलं.

संकेश्वरच्या अलीकडं ते झाडाखाली थांबले; परत किक नको म्हणून रायगोंडानं गाडी चालूच ठेवली. तेव्हा नागेंद्रला वास आला, रबर जळाल्यासारखा.

"कशाचा रं?" रायगोंडा म्हणाला.

"टायर घासतंय वाटतं कुठंतरी." नागेंद्र खाली वाकला. बाजूची दोन्ही चाकं फिरवून बघितली, ब्रेकला हात लावून बघितला, वायरिंग बघितलं, क्लचची केबल बघितली. कुठंच काही नव्हतं. उजव्या पेटीवरून त्याची नजर गेली. पाय आत होता, पट्टा लावलेला होता. पेटी बोटभर आतल्या बाजूला कललेली होती आणि बुटाची टाच चेंबरच्या उघड्या पोटाला टेकली होती. ते दुसऱ्या अंगानं बसून बघितलं असतं तरच दिसलं असतं. दोघांनी पाणी प्यायलं आणि परत फिरले.

घरी अनुराधानं बूट काढला तेव्हा मोजा टाचेला चिकटलेला होता. तिनं हळूच ओढला आणि त्याच्याबरोबर कातडं आलं. ती किंचाळली तेव्हा रायगोंडा अव्वाला घाटाची हकीकत सांगत होता. त्यानं खाली वाकून बघितलं. "हे कधी झालं?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात दुखणं नव्हतं, नुसतं नवल होतं.

जिथं रक्त नीट फिरत नाही तिथली जखम भरत नाही. त्यात त्याला साखर निघाली. निपाणीत पट्ट्या झाल्या, मग बेळगावला ॲडमिट केलं. टाचेचं हाड उघडं पडलं. गुडघ्याखाली पाय काढू या म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, घरच्यांनी होकार दिला, पाय काढला. तोवर विष अंगात भिनलं होतं.

नागेंद्र एक दिवसाआड बेळगावला जायचा. खटका न बसलेली पेटी त्यानं बूट काढला त्याच रात्री गाडीपाशी बसून बघितली होती. पहिल्या दिवशी तो कॉटच्या कडेला उभा राहिला.

"राया, खटका मी बसिवलतो."

"मग?"

"बसला न्हवता त्यो. मी बघाय पायजे हुतं."

"पाय माझा हाय," रायगोंडा म्हणाला. "मला कळलं न्हाय, तर तुला कुठनं कळंल?" आणि मग, "चढणीला बंद का पडली रं? मला वाटतंय कार्ब्युरेटरची सुई एक घर खाली घे. थंडीचं पेट्रोल जास्ती खाती."

"घेतो."

"आजच घे. विसरशील."

नागेंद्रनं त्याच दिवशी निपाणीला जाऊन सुई एक घर खाली घेतली. दोन्ही कार्ब्युरेटरची. गाडी सुरू करून बघितली. रायगोंडाचं बरोबर होतं. दुसऱ्या खेपेला ते सांगायला तो गेला तेव्हा रायगोंडाला ताप चढलेला होता, तो कन्नडमध्ये काहीबाही बोलत होता, वडिलांना हाक मारत होता. गुढीपाडव्याच्या आधी तो गेला.

पाटलांच्या घरातून नागेंद्रला कुणी एक उणा शब्द बोललं नाही. बोलले असते तर त्याला बरं वाटलं असतं. अनुराधा वखार बघू लागली होती. नागेंद्रनं काही दिवसांनी शटर उघडलं, कारण गिऱ्हाइकांच्या गाड्या अडकून पडलेल्या. पहिलीच एक आरएक्स त्यानं किक मारून सुरू केली, मूठ पिळली, आणि मागच्या दाराकडं सहज लक्ष गेलं. वखारीपलीकडं अव्वा घराच्या दारात येऊन उभी राहिली होती. ती गॅरेजकडं बघत नव्हती. मुरगूड रोडच्या वळणाकडं बघत होती. गाडी बंद झाल्यावर थोड्या वेळानं ती आत गेली.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. त्यानंतर नागेंद्र गाड्या ढकलत लांब नेऊन सुरू करू लागला. पण टू-स्ट्रोकचा आवाज लांब गेला तरी ऐकू येतो. गिऱ्हाइकं थेट दारात गाडी घेऊन येत, त्यांना तरी काय सांगणार? दर वेळी अव्वा दारात येत राहिली. महिनाभर त्यानं ते बघितलं. मग राहिलेली कामं उरकली, नवीन घेतली नाहीत, आणि मच्छ्याच्या जुन्या मालकाला फोन करून लेथवर जागा आहे का विचारलं.

सामान टेम्पोत भरायला सकाळची वेळ घेतली. व्हाइस, वेल्डिंगचं मशीन, पाने, चेंबरचे कापून ठेवलेले पत्रे. साडेतीनशे वखारीत ठेवली आणि किल्ली अनुराधाच्या हातात दिली. "वहिनी, बेंगळूरचा एकजण इंजिन तरी द्या म्हणतोय. तुमचं तुम्ही बघा."

"राहू द्या," ती म्हणाली. "अव्वांनी बोलावलंय तुम्हाला."

अव्वा मधल्या खोलीत खाली बसली होती. नागेंद्र दाराशी थांबला.

"ये. बस हितं."

तो बसला. तिनं त्याच्या हातांकडं बघितलं, मग तोंडाकडं.

"एक इचारते. खरं सांग. घर सोडून चाललास म्हणून गोड बोलू नगंस."

"इचारा अव्वा."

"पाय भाजत हुता तवा त्याला कळलं का रं? दुखलं का माझ्या लेकराला?"

इतके दिवस नागेंद्र ज्याच्यामुळं रात्रंदिवस होरपळत होता, नेमकं तेच ती विचारत होती, आणि खरं उत्तर एकच होतं.

"न्हाय अव्वा. त्याला काय बी कळलं न्हाय. त्यो खुशीत वरडत हुता सगळी वाट."

"काय वरडत हुता?"

"मला नीट ऐकू आलं न्हाय. वारं लई हुतं. एकदा तुमचं नाव घेतल्यासारखं वाटलं. 'अव्वाला सांग, उशीर हुईल,' असं कायतरी."

बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला.

"बरं झालं," अव्वा म्हणाली, आणि मग आत वळून, "अनू, ह्याला चहा टाक. उपाशी जाईल."

चहा आला. नागेंद्रनं तो बसून सगळा प्याला, कप मोरीजवळ नेऊन ठेवला, वाकून अव्वाच्या पायाला हात लावला आणि बाहेर पडून टेम्पोत बसला.